गुंदच्या सातेरीचा बेस आणि मी बांधलेला डबा

भोंगा आणि बेसचा डबा या दोन वेगळ्या विद्या आहेत. हे मला कळेपर्यंत एका चांगल्या वाजवणाऱ्याचं वाजवणं बंद पडलं होतं. या अंकाच्या संपादकांनी सांगितलंय, धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण लिहायला बसलोय तो गुंदच्या सातेरीसाठी.

रामनगरात माझं दुकान होतं. लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे, रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. आम्ही मूळचे खानापूरकडचे. धरणापायी उठलेली माणसं रामनगरात वसली, वस्ती वाढली, लग्नं वाढली, तसा मीही इकडं आलो. जोयडा तालुक्यात तेव्हा बस मोजक्या. ॲम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, वायरची वेटोळी आणि दोन भोंगे बसच्या टपावर चढवायचे आणि कंडक्टरच्या शिव्या खात जायचं. कुंभारवाड्याकडच्या वाड्या एकमेकींपासून इतक्या लांब की गाणं रानापलीकडे पोचलं तरच लग्न झालं असं लोक धरायचे.

तिथल्या एका वरबापानं मला भोंगा फणसावर बांधायला लावला आणि त्याचं तोंड मांडवाकडे नव्हे, दरीकडे करायला सांगितलं.

मी म्हटलं, "मामा, मांडव इकडं हाय."

"मांडवातल्यांस मी दिसतोय की. त्यांस कशाला ऐकवायचं? व्याह्याच्या वाडीकडं तोंड कर. पोरगी देताना लई आढेवेढे घेतल्यानी."

दुपारी दरीपलीकडून एक माणूस घामाघूम होऊन निरोप घेऊन आला : तेच गाणं पुन्हा पुन्हा लागतंय, दुसरं लावा. वरबाप त्या दिवशी जेवणसुद्धा विसरला, इतका खूश.

भोंग्याचं काम हे असं. लांब पोचला पाहिजे, बोल कळला पाहिजे, बस. दोन भोंगे लावायचे तर एक पूर्वेला, एक पश्चिमेला. वायरीचं कुठलं टोक कुठं जोडायचं याचा आम्ही कधी विचार करत नसू. दोन टोकं, दोन स्क्रू, कुठलंही कुठंही. पावसात, झाडावर, दातानं वायर सोलत जोडणी करणाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं, आणि पडायचं कारणही नाही. तोंडं उलट्या दिशेला असली की काहीच बिघडत नाही. ही सवय माझ्या हातात पुरती मुरली होती.

पुढं पुंडलिकअण्णांनी ऑर्केस्ट्रा काढला. अण्णांची भाताची गिरणी होती आणि हार्मोनियमवर हात चांगला होता. गिरणीत साळ भरडायला आलेल्या माणसाला ते आधी गाणं ऐकवायचे, मग तांदूळ द्यायचे. ढोलकी, तबला, एक गाणारी बाई, एक गाणारा, हार्मोनियम आणि नंतर सातेरी.

सातेरी गुंदचा. घरची भातशेती, मधल्या दिवसांत रानातली मजुरी. काही वर्षं तो मडगावला एका हॉटेलात भांडी घासायला होता. तिथल्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं दुपारच्या रिकाम्या वेळात त्याला शिकवलं आणि सातेरी गावाकडं निघाला तेव्हा आपली जुनी गिटार स्वस्तात दिली. ती घेऊन तो परत आला. गुंदमध्ये लोक विचारायचे, "चारच तारा? बाकीच्या काय मोडल्या?" तो हसायचा. बेस गिटारला चारच जाड तारा असतात आणि तिचं काम गाणं सजवायचं नसतं. ती गाण्याच्या खाली जमीन घालते. असली तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसली तर नाचणाऱ्याचे पाय अडखळतात.

पहिल्या दिवशी आम्ही ती गिटार माझ्या भोंग्याच्या ॲम्प्लिफायरला लावली. कळशीत तोंड घालून कुणी कुरकुरतंय असा आवाज आला.

अण्णा म्हणाले, "नाव बेस, पर आवाज काय बेस न्हाई गा."

"भोंग्यातनं खालचा सूर येतच न्हाई अण्णा," सातेरी म्हणाला. "ह्याला मोठा कागदाचा स्पीकर लागतोय. आणि बंद डबा."

"मग परशूला सांग," म्हणत अण्णा माझ्याकडं वळले. "परशू, कर काय ते. पर गिरणी इकायला लावू नको."

बेसचा खास ॲम्प्लिफायर म्हणजे तेव्हा परदेशी माल. आमच्या आवाक्यातला नव्हताच. म्हणून मी आणि सातेरी बेळगावला गेलो. कमी पैशात बेसचं सामान जमवणाऱ्यानं काय बघावं हे आज मला नीट सांगता येतं, म्हणून सांगतो. पैसे आधी स्पीकरवर घालावेत, मग डब्यावर, आणि उरतील ते ॲम्प्लिफायरवर. आम्ही सगळेच उलटं करायचो. ॲम्प्लिफायरवर दिवे असतात, काटा हलतो, वॉटचा मोठा आकडा लिहिलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडंच भुलतं. त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ट्रान्सफॉर्मर हातात धरून वजन बघावं, हलका असला तर आकडा खोटा. ॲम्प्लिफायर नेहमी गरजेपेक्षा ताकदीचा घ्यावा आणि अर्ध्यावर चालवावा. लहान घेऊन पुरता पिळला की आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल, म्हणजे कागद हलवणारं तारेचं वेटोळं, जळते. डबा जाड प्लायवूडचा, कुठंही हवा न सुटणारा. वर बुक्की मारली तर दगडावर मारल्यासारखं वाटलं पाहिजे, पत्र्यावर मारल्यासारखं नव्हे.

आणि स्पीकर? सातेरीचं म्हणणं, एकच घेऊ, पण पंधरा इंची, नवा. मडगावच्या बँडात तसाच होता. माझं म्हणणं, बारा इंचीचे दोन घेऊ. एक नवा आणि एक कॉइल बदललेला, म्हणजे तेवढ्याच पैशात दोन बसतात.

"दादा, एक मोठा बरा," तो म्हणाला. "एकाला सांभाळायला सोपं."

"तू वाजवायचं बघ. डब्याचं मी बघतो. दोन म्हणजे दुप्पट."

खरं कारण वेगळं होतं. स्टेजवर दोन स्पीकरांचा डबा मोठा दिसतो, आणि डब्यावर माझ्या दुकानाचं नाव रंगवायचं होतं.

दुरुस्त केलेला स्पीकर मकबूलभाईंकडून घेतला. बेळगावात गल्लीतल्या लहानशा खोलीत बसून ते जळालेल्या कॉइल काढून नव्या भरायचे, फाटलेले कागद बदलायचे. त्यांनी स्पीकर हातात देताना सांगितलं, "दोन एका डब्यात घालतोस ना? मग खुणेवर भरवसा ठेवू नकोस. जुना सांगाडा आहे, लाल ठिपका कुठल्या टोकाला असेल सांगता येत नाही. टॉर्चचा सेल लावून बघ. सेल टेकवल्यावर दोन्ही कागद एकदमच पुढे आले पाहिजेत. एक पुढे, एक मागे गेला तर वायर उलट कर."

मी मान हलवली. दोन्हीला वायर जोडली की दोन्ही वाजणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भोंग्यात कागद दिसतच नाही, तो पुढं येतो का मागं जातो हे मी जन्मात बघितलेलं नव्हतं.

दांडेलीहून प्लायवूड आणलं. सुतारानं डबा जोडला, मी सांध्यांत भुसा आणि सरस भरला, आत जुन्या रजईचा कापूस लावला. दोन्ही स्पीकर दुकानात एकेक करून वाजवून बघितले. एकेक ऐकताना फडताळातल्या काचा थरथरल्या. मग बसवले, ठिपक्याला ठिपका धरून जोडले, समोर काळं कापड ठोकलं आणि पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव लिहून घेतलं. सेल खिशात होता. कापड ठोकून झाल्यावर आठवला. कापड उसवायचा कंटाळा केला.

पहिल्याच कार्यक्रमात बेस कुठं गेला कळेना. डब्याला कान लावला तर काहीतरी गुरगुरायचं, चार पावलं मागं आलं की सगळं पोकळ. पहिल्यांदा आम्ही विजेला दोष दिला. आमच्याकडच्या खेड्यांत तेव्हा बल्ब पेटला तरी आत तांबडी तार दिसायची. पुढच्या वेळी जनरेटर नेला. तरी तेच. मग स्टेजची फळी पोकळ म्हणून डबा जमिनीवर ठेवला. मग सातेरीच्या तारा जुन्या म्हणून नव्या आणल्या. शेवटी दोष द्यायला माणूसच उरला.

"सातेरी, जेवलास का न्हाई?" अण्णा चालू गाण्यात ओरडायचे. "जरा जोर लाव की रं!"

तबलजी म्हणायचा, "भाताची लावणी करूलालाय जनू, हळूच एकेक."

सातेरी जोर लावायचा. बोटांची टोकं फुटायची, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळून वाजवायचा. आवाजाचं बटण तो वाढवायचा, मी मागून कमी करायचो. एकदा हळूच म्हणाला, "दादा, डबा एकदा उघडून बघूया का? मडगावात असं न्हवतं व्हत."

"मडगावातला डबा मी बांधला न्हवता," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो.

बाजारकुणंगच्या एका लग्नात शेवट झाला. ऐन दुपारी, भरल्या मांडवात, वऱ्हाडातली पोरं नाचायला उभी राहिली आणि थांबली. पायाला धरायला काहीच नव्हतं. कुणीतरी ओरडलं, "ते लांबडं गिटार कशाला धरलंय, दाखवायला?" सातेरीनं बटण पुरतं फिरवलं. दुरुस्त केलेल्या स्पीकरचा कागद पिसाट हलायला लागला, कॉइल घासून खरखर आली. अण्णांनी हार्मोनियम थांबवली. ते सरळ माझ्याकडं वळले आणि सगळ्यांसमोर विचारलं.

"परशू, खरं काय ते सांग. डब्यात खोट हाय का माणसात?"

मांडवात लोकांनी माना वळवल्या. माझं नाव डब्यावर मोठ्या अक्षरांत होतं. वधूचा चुलता त्याच सकाळी मला पुढच्या लग्नाचं विचारून गेला होता. सातेरी माझ्याकडं बघत होता. आरोप केल्यासारखं नाही. आता हे सुटणार, असं.

मी म्हटलं, "डब्यात खोट न्हाई अण्णा. दोन्ही स्पीकर मी दुकानात वाजवून बघितलोय. ह्याच्या बोटात जोर न्हाई."

हे खोटं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण खरी गोष्ट माहीत करून घ्यायला मी नकार दिला होता, आणि ते मला माहीत होतं.

सातेरीनं गिटार कापडात गुंडाळली. अण्णा त्याला वाईट बोलले नाहीत. "घरी जा, जेव नीट, मग बघूया," म्हणाले. मग काही बघितलं गेलं नाही.

खरखर काढायला मी डबा दुकानात आणला. कापड उसवलं. स्पीकर दुरुस्त केला आणि परत बसवताना या वेळी टॉर्चचा सेल वायरीच्या टोकांना टेकवला. एक कागद पुढं आला. दुसरा मागं गेला.

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन माणसं एकाच करवतीच्या दोन टोकांना बसली आहेत, आणि एक ओढतो तेव्हा दुसऱ्यानं सोडायला पाहिजे. इथं दोघंही एकाच वेळी ओढत होती. कष्ट दोघांचे पूर्ण, लाकूड तसंच. एक स्पीकर हवा ढकलायचा, दुसरा तीच हवा गिळायचा. खालचे सूर त्यातच मरायचे. सातेरी जेवढा जोर लावायचा तेवढा तो जोर डब्यातच जिरायचा.

मी दोन वायरी उलट केल्या. एवढंच काम होतं.

पुढच्या कार्यक्रमाला अण्णांनी खानापूरचा एक वाजवणारा आणला. त्यानं पहिली तार छेडली आणि मांडवाच्या बांबूवरची पताका हलली. लोक वळून बघायला लागले. तबलजी म्हणाला, "बघा, ह्याला म्हणत्यात बोट!" अण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "डबा खराच बेस हाय रं. उगाच तुला इचारलो त्या दिवशी."

खरं बोलायला तोंड उघडायचं होतं ते तिथंच. मी म्हटलं, "म्हटलं न्हवतं?"

खानापूरवाला सातेरीपेक्षा चांगला नव्हता. ठेका जरा पुढं पळायचा त्याचा. पण त्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर मला लोंढ्याहून, खानापूरहून डब्यांची कामं आली. मी पुढं पुष्कळ डबे बांधले, आणि प्रत्येकाला कापड ठोकायच्या आधी सेल लावून बघितला. लोक म्हणायचे, परशूचा डबा म्हणजे डोळे मिटून घ्यावा. मुलांची लग्नं, घर, सगळं त्यातून झालं. सातेरी कधी बसमध्ये भेटायचा. काजूच्या पोत्यावर बसलेला, बोटं मजुरीनं जाड झालेली. म्हणायचा, "डबा भारी वाजतोय म्हणं, दादा." मी म्हणायचो, "चाललंय."

कॅसेट गेल्या, ऑर्केस्ट्रा गेला, डीजे आले. अण्णा वारले. त्यांना मी सांगितलं नाही, हे आता सुधारता येत नाही. गेल्या वर्षी माझी तब्येत बिघडली, बरा झालो, आणि पहिल्यांदा उठून गुंदला गेलो. पिशवीत दोन जुने स्पीकर, छोटा ॲम्प्लिफायर, वायर आणि सेल घेतला होता. तोंडानं सांगून तो ऐकणार नाही अशी मला शंका होती.

ती खरी ठरली. सातेरी अंगणात सुपारी निवडत होता. मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "न्हाई दादा. तुझा डबा चांगला व्हता. माझंच बोट कमी. उगाच मनाला लावून घेऊ नको."

मला वाटलं होतं तो चिडेल. त्याची मी तयारी केली होती. याची नव्हती.

त्याची बायको, पार्वतीवैनी, ताक घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "भावजी, ह्यांनी थोरल्याला तबला शिकू दिल्यानी न्हाई. पोरगं डबडी वाजवत बसायचं दिसभर. हे म्हणायचे, आपल्या घराण्यात हात न्हाई, भर मांडवात हसं करून घेऊ नको."

"गप की," सातेरी म्हणाला.

मी उंबऱ्याजवळ स्पीकर शेजारी शेजारी ठेवले. खोकं हवं होतं, वैनींनी तांदळाची पत्र्याची पेटी रिकामी करून दिली. वरचं झाकण काढून मी तिच्या तोंडावर पुठ्ठा बसवला आणि पुठ्ठ्यात स्पीकर. एक वायर उलट ठेवली. मोबाइलमधून एक गाणं लावलं. आवाज आला, पोकळ, खाली काही नाही.

"हा बाजारकुणंगचा आवाज," मी म्हटलं. सुपारीवरचा सातेरीचा हात थांबला.

मी वायर सुलट केली. पेटीच्या पत्र्यातून तो सूर जमिनीत उतरला. वैनींनी उंबऱ्यावर ठेवलेलं ताकाचं भांडं किंचित वाजलं.

सातेरी उठून आला. माझ्या हातातून वायर घेतली आणि स्वतः उलट केली. ऐकलं. सुलट केली. ऐकलं. पुन्हा उलट. मग सेल घेऊन दोन्ही कागदांवर बोट ठेवून बघितलं, एक पुढं, एक मागं. खूप वेळ तो तेच करत बसला. मग वर न बघता विचारलं, "म्हंजे बाजारकुणंगात मी नीट वाजिवलो?"

"व्हय."

"सगळी गाणी?"

"सगळी. ठेका एकदाबी सुटला न्हाई. मी मागंच बसलो व्हतो."

त्यानं स्पीकर हळूच पुठ्ठ्यातून काढले आणि पुसून माझ्या पिशवीत ठेवले. मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो तर त्यानं हातानं थांबवलं.

"माझ्या अंगणात सांगून काय व्हतंय दादा? तू ते भर मांडवात सांगितलास. सगळी माणसं ऐकल्यात. आता ऐकवायचं तर तसंच ऐकव."

"मांडव कुठं राहिला आता?"

"ते तू बघ. डब्याचं तू बघतो म्हणाला व्हतास." मग वैनींकडं वळून म्हणाला, "थोरल्याला दिवाळीला ये म्हणून सांग. मी त्याच्याशी बोलतो."

थोरला आता दांडेलीत टेम्पो चालवतो. त्याच्या हातात काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही.

हा अंक रामनगरात येतो, गुंदलाही जातो, बाजारकुणंगच्या वाचनालयातही असतो. त्या मांडवातली माणसं आता म्हातारी झाली असतील, पण काही आहेत. त्यांना सांगतो. त्या दुपारी तुमचे पाय थांबले ते सातेरीमुळे नव्हे. त्याच्या बोटात जोर होता आणि ठेकाही होता. खोट डब्यात होती, आणि तुमच्यासमोर मी ती नाही असं म्हणालो.